संगणकाची स्मृती : बदल आणि त्याचे मोजमाप

कोणत्याही व्यवस्थेत बदल करणे एक वेळ सोपे असते. त्या बदलाने नेमके काय साधले हे ठरविणे मात्र अवघड असते. नवा नियम आला, नवी यंत्रसामग्री आली, की काम वेगाने होऊ लागल्याचा भास काही दिवस होतोच. तो भास होता की वस्तुस्थिती, हे मोजल्याशिवाय कळत नाही आणि मोजण्याची रीत चुकली तर मोजूनही कळत नाही. संगणकशास्त्राच्या एका शाखेला या प्रश्नाशी गेली साठ वर्षे झगडावे लागले आहे. ही शाखा म्हणजे कार्यप्रणालीचे स्मृतिव्यवस्थापन होय. आज ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत आणि प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंत बहुतेक कामकाज संगणकावर चालते. त्यामुळे या शाखेत मिळालेला धडा केवळ तंत्रज्ञांपुरता उरलेला नाही.

टेबल आणि दप्तरखाना

एखाद्या कार्यालयातील लिपिकाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या टेबलावर एका वेळी मोजक्याच फायली मावतात. बाकीच्या दप्तरखान्यात असतात. हवी असलेली फाईल टेबलावर असेल तर काम तत्काळ होते. नसेल तर शिपायाला दप्तरखान्यात पाठवावे लागते आणि नव्या फायलीला जागा करण्यासाठी टेबलावरची एखादी फाईल परत धाडावी लागते. संगणकातील स्मृती, म्हणजे व्यवहारात जिला मेमरी म्हणतात, ती या टेबलासारखी वेगवान परंतु मर्यादित असते. डिस्क ही दप्तरखान्यासारखी मोठी, परंतु तुलनेने फार मंद असते. माहितीचे सारख्या आकाराचे तुकडे पाडून त्यांची ने-आण केली जाते. या तुकड्यांना ‘पाने’ म्हणतात. आजच्या नेहमीच्या संगणकांत एक पान बहुधा ४ किलोबाइटचे असते. कोणते पान जवळ ठेवावे आणि कोणते परत पाठवावे, हा निर्णय संगणकाचा कारभार पाहणारी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, दर क्षणी घेत असते.

ही व्यवस्था प्रथम इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या ‘ॲटलस’ या संगणकात साकार झाली. १९६२ मध्ये हा संगणक कार्यान्वित झाला. त्याच्या जलद स्मृतीत १६,३८४ शब्द मावत, तर फिरत्या चुंबकीय ड्रमवर ९८,३०४ शब्द मावत. एका पानात ५१२ शब्द असत. म्हणजे जलद स्मृतीत अवघी ३२ पाने राहत. पानांची ने-आण यंत्र आपणहून करीत असल्यामुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ही सर्व एकच मोठी स्मृती असल्यासारखे वाटे. सोय मोठी झाली, पण तिच्याबरोबर एक प्रश्नही आला. जागा करण्यासाठी कोणते पान बाहेर काढावे? एका नियमाऐवजी दुसरा नियम लावला तर फायदा होतो की तोटा?

पाटीवर सोडवून पाहण्याजोगे उदाहरण

या प्रश्नाचे पद्धतशीर मोजमाप करणाऱ्यांत आयबीएम या कंपनीतील लॅस्लो बेलाडी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९६६ मध्ये त्यांनी निरनिराळ्या नियमांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. १९६९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलेला चमत्कारिक परिणाम आज ‘बेलाडीची विसंगती’ या नावाने ओळखला जातो. तो समजण्यासाठी संगणकाची गरज नाही. पाटी आणि खडू पुरेसे आहेत. शिक्षकांनी वर्गात अवश्य करून पाहावा असा हा पाठ आहे.

समजा, लिपिकाला पुढील क्रमाने बारा वेळा फायली लागतात : १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. प्रारंभी टेबल रिकामे आहे. फाईल टेबलावर नसेल तर दप्तरखान्याची एक खेप धरावयाची. पहिला नियम साधा आहे : जी फाईल टेबलावर सर्वांत आधी आली, ती आधी परत जाईल. याला आगमनक्रमाचा नियम म्हणू. टेबलावर तीन फायलींची जागा असताना या नियमाने ९ खेपा पडतात. आता टेबल वाढवून चार फायलींची जागा केली तर खेपा कमी व्हाव्यात, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात मोजले असता १० खेपा पडतात. टेबल वाढले आणि कामही वाढले!

आता नियम बदलू. जी फाईल सर्वांत जास्त वेळ वापरली गेली नाही, ती परत पाठवावयाची. याला अलीकडच्या वापराचा नियम म्हणू. हा नियम समंजस वाटतो, कारण नुकत्याच वापरलेल्या फायलीची पुन्हा गरज पडण्याचा संभव अधिक असतो. चार जागा असताना या नियमाने ८ खेपा पडतात. म्हणजे पहिल्या नियमापेक्षा दोन खेपा वाचतात. परंतु तीन जागांवर हाच नियम लावला तर १० खेपा पडतात आणि आगमनक्रमाच्या नियमापेक्षा तो एका खेपेने मागे पडतो. जागा वाढवून खेपा वाढण्याचा प्रकार मात्र या दुसऱ्या नियमात कोणत्याही क्रमाने फायली मागितल्या तरी कधीच घडत नाही.

येथे एक तिसरी मोजपट्टीही उपयोगी पडते. पुढे कोणती फाईल केव्हा लागणार हे लिपिकाला आधीच ठाऊक असते, तर सर्वांत उशिरा लागणारी फाईल त्याने परत पाठविली असती. असे केल्यास तीन जागांवर ७ आणि चार जागांवर ६ खेपा पडतात. याहून कमी खेपांत हे काम होऊच शकत नाही. बेलाडी यांनी १९६६ च्या अभ्यासात अशाच आदर्श नियमाचा विचार केला होता. भविष्य ठाऊक नसल्यामुळे हा नियम व्यवहारात आणता येत नाही. परंतु व्यवहारातील नियम आदर्शापासून किती दूर आहे हे त्यामुळे सांगता येते.

सर्व निष्कर्ष एकत्र मांडले तर असे दिसते :

आगमनक्रमाचा नियम : तीन जागा, ९ खेपा, चार जागा, १० खेपा.
अलीकडच्या वापराचा नियम : तीन जागा, १० खेपा, चार जागा, ८ खेपा.
आदर्श नियम : तीन जागा, ७ खेपा, चार जागा, ६ खेपा.

या लहानशा तक्त्यात स्मृतिव्यवस्थापनाच्या मोजमापाचे सार आले आहे. ‘दुसरा नियम चांगला की वाईट?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. टेबल केवढे आहे आणि कोणत्या फायली कोणत्या क्रमाने लागतात, हे सांगितल्यावरच उत्तर देता येते. ज्याने केवळ तीन जागांवर चाचणी घेतली त्याने नवा नियम फेटाळला असता. ज्याने केवळ चार जागांवर घेतली त्याने तो डोक्यावर घेतला असता. दोघांनीही मोजले होते आणि दोघांचीही बेरीज बरोबर होती.

ओढाताणीची अवस्था

१९६८ मध्ये पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. प्रत्येक कामाला कोणत्याही काळात ठरावीक पानांचा एक संच जवळ लागतो. चालू असलेल्या सर्व कामांचे असे संच स्मृतीत मावत असतील तोवर सारे सुरळीत चालते. ही मर्यादा ओलांडली की एकाचे पान दुसऱ्यासाठी बाहेर जाते, लगेच परत आणावे लागते आणि यंत्राचा बहुतेक वेळ ने-आण करण्यातच खर्ची पडतो. काम दहा टक्क्यांनी वाढावे आणि वेग मात्र एकदम कोसळावा, असा हा प्रकार असतो. याचा अर्थ असा की, हलक्या भाराखाली घेतलेली चाचणी भारी भाराबद्दल काहीच सांगत नाही. निकालाच्या दिवशी किंवा अर्जाच्या अखेरच्या दिवशी कोलमडणारी व्यवस्था एरवी उत्तम चाललेली असू शकते.

जानेवारी २०१८ चा प्रसंग

मोजमापाचा हा प्रश्न केवळ वेगापुरता राहत नाही, याचा प्रत्यय २०१८ च्या प्रारंभी साऱ्या जगाला आला. ३ जानेवारी २०१८ रोजी ‘मेल्टडाऊन’ नावाचा दोष जाहीर झाला. हा दोष प्रामुख्याने इंटेल कंपनीच्या प्रोसेसरमध्ये होता. कार्यप्रणालीचा गाभा स्वतःच्या ताब्यातील माहिती सामान्य प्रोग्रॅमपासून राखून ठेवतो. पासवर्ड, इतरांच्या फायलींचे तुकडे असा ऐवज तीत असू शकतो. प्रोसेसर वेळ वाचविण्यासाठी पुढच्या सूचना अंदाजाने आधीच पार पाडतो, आणि त्या खटपटीत मागे राहिलेल्या खुणांवरून ही राखीव माहिती सामान्य प्रोग्रॅमलाही वाचता येते, असे संशोधकांनी दाखवून दिले.

यावरचा उपाय स्मृतिव्यवस्थापनातच होता. कोणते पान कोठे आहे याची सूची प्रत्येक प्रोग्रॅमसाठी ठेवलेली असते. तोपर्यंत गाभ्याची पानेही त्याच सूचीत नोंदलेली असत. केवळ त्यांवर ‘प्रवेश निषिद्ध’ अशी खूण असे. आता दोन वेगळ्या सूची करण्यात आल्या : एक प्रोग्रॅमसाठी आणि एक गाभ्यासाठी. गाभ्याची नोंदच नसेल तर ती चोरूनही वाचता येणार नाही, हा यामागील विचार. लिनक्स या कार्यप्रणालीच्या जानेवारी २०१८ अखेर प्रसिद्ध झालेल्या ४.१५ या आवृत्तीत हा बदल समाविष्ट झाला आणि जुन्या आवृत्त्यांसाठीही तो उपलब्ध करून देण्यात आला.

परंतु या सुरक्षेची किंमत होती. प्रोग्रॅमला फाईल वाचावयाची असो वा जाळ्यावरून निरोप धाडावयाचा असो, त्याला गाभ्याकडे जावे लागते. अशा प्रत्येक जाण्यायेण्यात आता सूची बदलावी लागू लागली. ही किंमत किती, याची निरनिराळी उत्तरे पुढे आली. ऑस्ट्रियातील ग्राझच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये याच कल्पनेची पहिली आवृत्ती मांडली, तेव्हा त्यांनी ती ०.२८ टक्के दिली होती. इंटेलमधील डेव्ह हॅन्सन यांनी लिनक्ससाठी बदल सादर करताना सर्वसाधारण कामांत सुमारे ५ टक्के आणि जाळ्याच्या एका कठोर चाचणीत सुमारे ३० टक्के घट नमूद केली. त्या वेळी नेटफ्लिक्समध्ये असलेल्या ब्रेंडन ग्रेग यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये मुद्दाम रचलेल्या चाचण्यांनी ही किंमत १ टक्क्यापासून ८०० टक्क्यांच्याही पुढे जाऊ शकते असे दाखविले. मात्र आपल्या कंपनीच्या प्रत्यक्ष कामासाठी ०.१ ते ६ टक्के असा अंदाज दिला.

०.२८ टक्के, ५ टक्के, ३० टक्के, ८०० टक्के. यांतील खरा आकडा कोणता? सर्वच खरे होते. किंमत प्रामुख्याने गाभ्याकडे होणाऱ्या खेपांच्या संख्येवर अवलंबून होती. तासन्‌तास आकडेमोड करणारा प्रोग्रॅम गाभ्याकडे क्वचित जातो. त्याला बदल जाणवतही नाही. लहानलहान निरोप सतत धाडणारा प्रोग्रॅम सेकंदाला लाखो वेळा जातो. त्याला तो भोवतो. ग्रेग यांनी खेपांबरोबरच एका कामावरून दुसऱ्यावर जाण्याचे प्रमाण, गैरहजर पानांची संख्या, कामाच्या संचाचा आकार आणि स्मृती वापरण्याची रीत ही कारणे वेगवेगळी मोजली. म्हणूनच त्यांचे निष्कर्ष इतरांना आपापल्या यंत्राला लावून पाहता आले.

या मोजमापावर फार काही अवलंबून होते. भाड्याने संगणकसेवा देणाऱ्या केंद्रांत एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांची माहिती असते. ८०० टक्क्यांचा आकडा ऐकून भयभीत झालेला व्यवस्थापक संरक्षण बंद करून बसला असता आणि हजारोंची गुपिते उघडी पडण्याचा धोका निर्माण झाला असता. ०.२८ टक्क्यावर विसंबलेला व्यवस्थापक यंत्रांची तजवीज न करता राहिला असता आणि गर्दीच्या वेळी त्याची सेवा कोलमडली असती. योग्य निर्णयासाठी स्वतःच्या कामाचे स्वतः मोजमाप करणे एवढाच मार्ग होता. लिनक्समध्ये संगणक सुरू करताना हे संरक्षण चालू किंवा बंद ठेवण्याची सोय असल्याने, चाचणीच्या यंत्रावर एकच गोष्ट बदलून तुलना करणे शक्य झाले. पुढे इंटेलने नव्या प्रोसेसरांच्या रचनेतच हा दोष दूर केला.

सरासरीचा आणि टक्केवारीचा फसवेपणा

मोजमापात दोन चुका वारंवार होतात. पहिली टक्केवारीची. समजा, एखाद्या कामाच्या एकूण वेळापैकी दहावा भाग गाभ्याकडील खेपांत जातो आणि बदलानंतर त्या खेपा ३० टक्के महाग होतात. तर संपूर्ण काम ३० टक्के नव्हे, ३ टक्केच लांबते. कशाच्या ३० टक्के, हे सांगितल्यावाचून टक्केवारी निरर्थक ठरते.

दुसरी चूक सरासरीची. समजा, शंभर अर्जांपैकी नव्याण्णव अर्जांना प्रत्येकी १ सेकंद आणि एका अर्जाला १०१ सेकंद लागले. सरासरी २ सेकंद येते. पण २ सेकंद तर कोणालाच लागले नाहीत! सरासरीबरोबर सर्वांत मंद कामाला किती वेळ लागला हेही नोंदविणे म्हणूनच अगत्याचे आहे. मोठ्या पानांचा अनुभव येथे बोलका आहे. ४ किलोबाइटऐवजी २ मेगाबाइटचे पान वापरले तर एक गिगाबाइट स्मृतीसाठी २,६२,१४४ नोंदींऐवजी केवळ ५१२ नोंदी पुरतात. लिनक्सने २०११ पासून अशी पाने आपोआप देण्याची सोय केली आणि अनेक कामांना तिचा लाभ झाला. मात्र मोठी सलग जागा मिळविण्यात मधूनच विलंब होऊ लागल्याने रेडिस, मोंगोडीबी यांसारख्या माहितीसाठ्यांच्या निर्मात्यांनी ती बंद ठेवण्याचा सल्ला दिला. पुढे मोंगोडीबीने स्मृती वाटण्याची आपली पद्धत सुधारली आणि २०२४ च्या ८.० या आवृत्तीसाठी तीच सोय चालू ठेवण्याची शिफारस केली. जुन्या मोजमापाचा निष्कर्ष नव्या परिस्थितीला लावता येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

मोजमापाची रीत

या सर्व अनुभवांतून तंत्रज्ञांनी जी रीत स्वीकारली आहे, तिची मुख्य सूत्रे अशी :

१. बदल करण्यापूर्वीची स्थिती मोजून लिहून ठेवावी. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही.

२. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. स्मृती वाढविली, कार्यप्रणाली बदलली आणि नवा प्रोग्रॅमही बसविला, तर सुधारणेचे श्रेय किंवा दोष कोणाचा हे कधीच कळणार नाही.

३. चाचणी रोजच्या खऱ्या कामाची घ्यावी आणि ती नेहमीच्या तसेच गर्दीच्या भाराखालीही घ्यावी.

४. चाचणी अनेकदा करावी. एकाच यंत्रावर तेच काम दोनदा केले तरी वेळ सारखा येत नाही. दोन चाचण्यांतील स्वाभाविक फरक ३ टक्के असेल, तर बदलामुळे दिसलेल्या २ टक्के सुधारणेवर विश्वास ठेवता येत नाही.

५. जुनी आणि नवी पद्धत आळीपाळीने तपासावी. पहिल्या वेळी फायली डिस्कवरून येतात. दुसऱ्या वेळी त्या स्मृतीतच असतात. त्यामुळे जी पद्धत नंतर तपासली जाते ती विनाकारण सरस दिसते.

६. वेळेबरोबर कारणेही मोजावीत : डिस्ककडे किती खेपा झाल्या, गाभ्याकडे किती, कोणता प्रोग्रॅम थांबून राहिला. कारण कळले तरच निष्कर्ष दुसऱ्या यंत्राला लावता येतो.

निर्णय घेणाऱ्यांसाठी

कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक किंवा सरपंच यांनी स्वतः पानांच्या सूची तपासाव्यात अशी अपेक्षा नाही. परंतु संगणकात बदल सुचविला जातो तेव्हा काही साधे प्रश्न विचारणे त्यांच्या हाती आहे. सध्या एका दाखल्याला किती वेळ लागतो, हे मोजले आहे काय? नव्या व्यवस्थेची चाचणी आपल्याच कामावर झाली की अन्यत्र? गर्दीच्या दिवशी काय होईल? सर्वांत मंद प्रकरणाला किती वेळ लागला? यासाठी एक वही आणि एक घड्याळ पुरेसे आहे. आठवडाभर काही ठरावीक कामांच्या वेळा नोंदवाव्यात, बदल करावा आणि पुन्हा आठवडाभर तीच कामे नोंदवावीत. ‘मेमरी भरली आहे’ एवढ्या एका वाक्यावर खरेदी करण्याचे कारण नाही. रिकामी राहिलेली स्मृती आजच्या कार्यप्रणाली वाचलेल्या फायली जवळ ठेवण्यासाठी वापरतात आणि गरज पडताच मोकळी करतात. भरलेले टेबल हे पुष्कळदा चालू कामाचे लक्षण असते. दप्तरखान्याच्या खेपा वाढल्या आहेत काय, हे पाहावयास हवे.

त्याचप्रमाणे, सुरक्षेसाठी केलेल्या बदलाने संगणक काहीसा मंदावल्याचे वाटले, तर ते संरक्षण परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. नागरिकांची माहिती ही ठेव आहे. तिच्या रक्षणाची किंमत किती हे मोजावे, ती परवडण्याजोगी करण्याचे उपाय शोधावेत आणि मगच निर्णय घ्यावा.

बेलाडी यांच्या उदाहरणातील लिपिकाचे टेबल वाढविणाऱ्याचा हेतू चांगलाच होता आणि खर्चही प्रामाणिकपणे झाला होता. खेपा मात्र नवाच्या दहा झाल्या. खेपा मोजल्या नसत्या तर ही गोष्ट कोणाच्याही ध्यानात आली नसती आणि पुढील वर्षी त्याच नियमाने आणखी मोठे टेबल मागविले गेले असते.